वन्यजीव माहितीपटांच्या फिरत्या खेळांसाठी ‘नेब्युला मार्स ३’ कितपत कामाचा?

संवर्धनाचा माहितीपट बनवताना कॅमेरा, लेन्स, संकलन, संगीत यांवर महिनोन्‌महिने खल होतो. तो दाखवायचा कसा, हा प्रश्न मात्र शेवटी उरतो आणि घाईत सुटतो. मग तो महोत्सवात लागतो, इंटरनेटवर चढतो, आणि ज्यांच्या शेतात रानडुकरं शिरतात किंवा ज्यांच्या जाळ्यात कासवं अडकतात त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यांच्यासमोर तो न्यायचा असेल तर उचलून नेता येईल असा, विजेवर न अडणारा प्रोजेक्टर हवा. अँकर कंपनीचा ‘नेब्युला मार्स ३’ हा त्या वर्गातला ठळक पर्याय आहे.

हे परीक्षण दिवाणखान्यातल्या सिनेमासाठी नाही. कसोटी एकच लावली आहे: वीज नसलेली किंवा बेभरवशाची जागा, उघडं मैदान, साठ-सत्तर माणसं, तासाभराचा माहितीपट आणि त्यानंतरची चर्चा.

निकाल आधीच सांगतो. अंधार पडल्यावर १०० इंचांच्या पडद्यावर हे यंत्र उत्तम काम देतं. १२० इंचांवर चालवून घेता येतं. कंपनी २०० इंचांपर्यंत चित्र मिळेल म्हणते, तो आकडा उघड्यावरच्या खेळासाठी विसरून जा. आवाजासाठी बाहेरचा स्पीकर जोडावाच लागेल. आणि विमानाने जायचं असेल तर हे यंत्र घेऊच नका. त्याचं कारण पुढे येईल.

उजेडाचं गणित

कागदावरची वैशिष्ट्यं अशी: १००० एएनएसआय लुमेन, १०८०पी चित्र, १८५ वॅट-तासांची अंगची बॅटरी, ४० वॅटचा स्पीकर, आयपीएक्स३ दर्जाचा जलरोध, आणि उजेड कमी करून वीज वाचवणाऱ्या इको मोडमध्ये ५ तासांपर्यंत चालण्याचा दावा. यातला ‘एएनएसआय’ हा शब्द महत्त्वाचा. अनेक स्वस्त प्रोजेक्टरांच्या खोक्यावर हजारो लुमेन छापलेले असतात, पण ते नुसते दिव्याचे असतात. लेन्समधून बाहेर पडून पडद्यावर पोहोचणारा उजेड त्याच्या कितीतरी कमी असतो. एएनएसआय लुमेन हा पडद्यावर मोजलेला उजेड असतो, म्हणून हिशेब करायचा तो त्याच आकड्यावर.

हिशेब साधा आहे. लुमेनला पडद्याच्या क्षेत्रफळाने भागलं की लक्स मिळतात. १०० इंचांचा १६:९ पडदा २.२१ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच, म्हणजे २.७६ चौरस मीटर. १००० लुमेनला तिथे ३६० लक्स पडतात. १५० इंचांवर १६० आणि २०० इंचांवर जेमतेम ९०. सिनेमागृहातल्या चित्रासाठी ठरलेली प्रमाण उजळता ४८ कँडेला प्रति चौरस मीटर आहे. साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावर ती मिळवायला सुमारे १५० लक्स लागतात. म्हणजे पूर्ण उजेडावर १५० इंचांपर्यंत सिनेमागृहाची बरोबरी व्हायला हरकत नाही.

मग आमची शिफारस १०० इंचांची का? बॅटरीमुळे. १८५ वॅट-तास ५ तास पुरवायचे तर यंत्राने सरासरी ३७ वॅटच खायला हवेत, आणि त्यातच स्पीकर, पंखा, अँड्रॉइड सगळं आलं. एलईडीवर चालणाऱ्या अशा यंत्राला १००० लुमेनसाठी १०० वॅटच्या आसपास वीज लागते. तेव्हा पूर्ण उजेड आणि ५ तास या दोन गोष्टी एकत्र मिळणार नाहीत, हे गणितातच दिसतं. इको मोडमध्ये उजेड ४० टक्क्यांवर आला असं धरलं, तर १०० इंचांवर १४५ लक्स उरतात. ते सिनेमागृहाच्या जवळपास आहे. १५० इंचांवर मात्र ६५ उरतात, आणि रात्रीच्या जंगलातली दृश्यं चिखलासारखी दिसू लागतात. पूर्ण उजेडावर बॅटरी पावणेदोन तासांच्या पुढे टिकेल असं धरून चालू नका. एक तासाचा माहितीपट, आधीची दहा मिनिटं आणि नंतरच्या चर्चेसाठी दाखवायचे तुकडे एवढ्याला ती पुरते, पण जेमतेम.

आपल्या हातातलं यंत्र नेमकं किती उजेड देतं हे मोजणं अवघड नाही. १५ मिनिटं चालू ठेवून पूर्ण पांढरी चौकट पडद्यावर आणा. पडद्याचे तीन गुणिले तीन असे नऊ भाग कल्पून प्रत्येक भागाच्या मध्यावर लक्समीटर प्रोजेक्टरकडे तोंड करून धरा. नऊ आकड्यांची सरासरी गुणिले पडद्याचं क्षेत्रफळ म्हणजे लुमेन. प्रत्येक मोडसाठी हे एकदा करून आकडे यंत्राच्या पिशवीत चिकटवून ठेवा. यासाठी फोनमधलं ॲप वापरू नका, प्रत्येक फोनचा सेन्सर वेगळं सांगतो.

खेळ कधी सुरू करायचा हेही याच गणितावर ठरतं. सूर्य बुडताना उघड्यावर सुमारे ४०० लक्स उजेड असतो, म्हणजे आपल्या चित्रापेक्षा जास्त. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की तो साडेतीन लक्सच्या आसपास येतो, तेव्हा चित्राला जान येते. विषुववृत्ताच्या जवळपास याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जास्त. या वेळात फक्त आवाजाची चाचणी घ्या आणि लोकांशी बोला. पौर्णिमेच्या चांदण्याची काळजी नको, ते अर्ध्या लक्सच्याही आत असतं. रस्त्यावरचा एक दिवा मात्र पडद्यावर सहज १० लक्स टाकतो. इको मोडमध्ये १४५ लक्सच्या चित्रावर १० लक्सचा परका उजेड पडला की पांढऱ्या-काळ्यातलं अंतर पंधरा पटींवर येतं आणि बिबट्या झुडपात विरून जातो. पडद्याची पाठ दिव्याकडे करा आणि मागून काळं कापड लावा. प्रोजेक्टर बदलण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

काळा रंग किती काळा दिसतो, ही या वर्गातल्या सगळ्याच एलईडी यंत्रांची कमजोर बाजू. म्हणून माहितीपटाची मैदानासाठी वेगळी प्रत काढा. रात्रीच्या दृश्यांत मधले टोन थोडे वर उचला. कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या, इन्फ्रारेड चित्रणात कॉन्ट्रास्ट वाढवा. संकलनाच्या खोलीतल्या मॉनिटरवर हे भडक दिसेल. पडद्यावर योग्य दिसेल.

पडदा, वारा आणि जागा

घट्ट विणीचं मॅट पांढरं कापड पुरतं. चुन्याची सपाट भिंत मिळाली तर ती कापडापेक्षा सरस. पिवळट किंवा निळसर भिंत टाळा. हिरव्या छटांमधला फरक तिथे आधी मरतो, आणि जंगलाच्या चित्रपटात तोच तर दाखवायचा असतो.

खेळ बिघडवणारी सर्वांत मोठी गोष्ट वारा. १०० इंचांच्या पडद्यावर ताशी १८ किलोमीटरच्या झुळुकीत साधारण ५ किलो वजनाइतका जोर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे २० किलो. साध्या फोटो-स्टँडवर लावलेला पडदा तेव्हा माणसांवर कोसळतो. कोपरे लवचीक दोरीने बांधा म्हणजे झुळूक आली की कापड थोडं मागे सरकेल आणि परत येईल, ताठ सुतळीने बांधलं तर शिवण उसवेल. खालच्या कडेत वाळूच्या पिशव्या ओवा. ताशी ३० किलोमीटरच्या पुढे वारा असेल तर भिंत शोधा किंवा खेळ पुढे ढकला.

या यंत्राचा थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ आहे, म्हणजे १०० इंचांसाठी ते पडद्यापासून २.६५ मीटरवर ठेवावं लागतं. बंद खोलीत ही सोय, मैदानात मात्र अडचण. प्रोजेक्टर गर्दीच्या मागे न राहता पहिल्या रांगेच्याही पुढे येतो. मुलं त्याच्यासमोरून धावतात, वायरीत पाय अडकतात. त्याच्याभोवती दोरीचा छोटा चौकोन करा आणि तिथे एक जबाबदार माणूस बसवा. बाकीच्यांची बैठक पडद्यापासून साडेतीन मीटरवर सुरू होऊन आठ मीटरपर्यंत, नव्वद अंशांच्या पंख्यात. एवढ्या जागेत दाटीवाटी न करता साठ-सत्तर माणसं जमिनीवर बसतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून १.२ मीटर वर हवी, नाहीतर पुढच्यांची डोकी सबटायटल खातात.

यंत्र उभं केलं की ते आपोआप फोकस करतं, चौकट सरळ करतं, पडद्याच्या कडा ओळखून चित्र बसवतं. मांडणी करताना हे झकास. पण कापड हललं किंवा टेबलाला धक्का लागला की ऐन खेळात ते पुन्हा सगळं जुळवायला घेऊ शकतं, आणि हरणाच्या पिल्लाचा जन्म चालू असताना पडद्यावर चाचणीच्या रेघा येतात. जुळणी एकदा झाली की सेटिंगमध्ये जाऊन आपोआप दुरुस्ती बंद करा. दुसरं असं की कीस्टोन दुरुस्ती फुकटची नसते. चित्र कापून-ताणून सरळ केलं जातं, त्यात पिक्सेलही जातात आणि उजेडही. यंत्र होईल तितकं पडद्यासमोर सरळ आणि योग्य उंचीवर ठेवा, भक्कम तिपाई किंवा टेबल वापरा. खाली दगड लावून तोंड वर करण्याची पद्धत वाईट.

आवाज: ताकद पुरते, जागा चुकते

४० वॅटचा स्पीकर या आकाराच्या यंत्रात खरोखर दमदार आहे. अडचण त्याच्या ताकदीची नाही. पडदा समोर आणि आवाज प्रोजेक्टरमधून, म्हणजे पुढच्यांच्या कानाशी. उघड्यावर भिंती नसल्यामुळे अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. एका मीटरवरच्या आवाजातून आठ मीटरपर्यंत १८ डेसिबल गेले. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतका मोठा केला तर यंत्राशेजारी बसलेले कान झाकून घेतात.

त्यात रातकिडे. त्यांची किरकिर साधारण ३ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते, आणि ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ यांची ओळख पटवणारी ऊर्जाही बरीचशी त्याच पट्ट्यात. म्हणून निवेदन ऐकू येतं पण कळत नाही, अशी तक्रार येते. उपाय म्हणजे बॅटरीवरचा ५० ते १०० वॅटचा, माईक लावता येईल असा स्पीकर पडद्याच्या शेजारी, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर, जमिनीपासून दोनेक मीटरवर. जोडणी ३.५ मिलिमीटरच्या ऑडिओ वायरनेच करा. ब्लूटूथने आवाज मागे पडतो. खंड्याची झेप आणि पाण्याचा आवाज यांची फारकत झाली की लोक हसतात. वायर लांब लागते, १० मीटरची ठेवा आणि जमिनीला चिकटवून न्या. माईक नंतरच्या चर्चेलाही लागणारच आहे, आणि तो थेट प्रोजेक्टरला जोडता येत नाही.

फाइल बनवतानाही आवाजाकडे वेगळं पाहा. टीव्हीसाठी केलेल्या मिश्रणात कुजबुज आणि डरकाळी यांत मोठं अंतर असतं, मैदानात कुजबुज हरवते आणि डरकाळी स्पीकर फाडते. मैदानी प्रतीचा एकूण आवाज उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजण्याचं एकक, संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं), शिखरं उणे १ डेसिबलच्या आत आणि हळू-मोठ्या आवाजातला पल्ला त्याच मापाच्या ७ एककांपर्यंत (एलयू) ठेवा. पार्श्वसंगीत निवेदनाच्या खाली निदान १० डेसिबल दाबा. शक्य असेल तिथे संगीत काढूनच टाका. पक्ष्याचा खरा आवाज ऐकायला जमलेल्या लोकांवर व्हायोलिन ओतण्यात अर्थ नाही.

स्थानिक बोलीत निवेदन देणारा माणूस उपलब्ध असेल तर आणखी एक युक्ती फार कामाची आहे. फाइलच्या डाव्या ध्वनिवाहिनीत फक्त निवेदन आणि उजव्यात फक्त निसर्गाचे आवाज ठेवा. दोन वाहिन्यांचा छोटा मिक्सर मध्ये घातला की निवेदनाची पट्टी खाली ओढून स्थानिक माणूस माईकवर बोलू शकतो, आणि जंगल मागे ऐकू येत राहतं. निवेदक नसेल तेव्हा दोन्ही पट्ट्या वर. एकाच फाइलमध्ये दोन्ही सोयी होतात. मात्र ही प्रत अंगच्या स्पीकरवर वाजवू नका, एका बाजूने माणूस आणि दुसऱ्या बाजूने पक्षी असा विचित्र प्रकार ऐकू येतो.

फाइल, सबटायटल, परवानगी

यंत्रात अँड्रॉइड टीव्ही आहे. घरी ते सुखाचं, मैदानात निरुपयोगी. नेटवर्क नसलं की ॲप उघडत नाहीत, आणि असलं तर नेमक्या वेळी अपडेट मागतात. पेनड्राइव्ह हाच खरा मार्ग. त्यावर एच.२६४, १०८०पी, ८ मेगाबिट प्रतिसेकंद या दराची एमपी४ फाइल ठेवा. तासाभराची फाइल ३.६ जीबी होते आणि पेनड्राइव्हच्या नेहमीच्या फॅट३२ स्वरूपात एका फाइलला असलेल्या ४ जीबी मर्यादेत बसते. माहितीपट दीड तासाचा असेल तर दर ६ मेगाबिटवर आणा, ४ जीबीच्या आसपास राहील. त्याहून मोठ्या फाइल घेणारं एक्सफॅट स्वरूप वापरायचं असेल तर आपल्याच यंत्रावर आधी लावून बघा. दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर एकच प्रत असावी, आणि एचडीएमआय वायरीसह लॅपटॉप ही तिसरी वाट.

सबटायटल चित्रातच कायमचे छापून घ्या. वेगळ्या एसआरटी फाइलमधलं देवनागरी अनेक प्लेअर मोडून दाखवतात, ‘क्ष’ आणि ‘र्‍या’ सारखी जोडाक्षरं तुटतात. एका वेळी दोनच ओळी, अक्षरं ठळक आणि काळ्या किनारीची. पण समोर वाचता न येणारी माणसं असतील, किंवा लहान मुलं, तर सबटायटलवर विसंबू नका, डबिंग करा.

स्ट्रीमिंग सेवेचं वर्गणीदार असणं म्हणजे सार्वजनिक खेळ करण्याची परवानगी नव्हे. खेळ मोफत असला तरी बहुतेक देशांच्या कायद्यात निर्मात्याची संमती लागते. संवर्धनासाठी दाखवायचं आहे म्हटल्यावर कित्येक निर्माते ती आनंदाने, पुष्कळदा विनामूल्य देतात, आणि मागितली तर डबिंगसाठी निवेदनाशिवायचा ध्वनिमार्गही देतात. तो नक्की मागा. वरची डाव्या-उजव्या वाहिनीची युक्ती त्याच्याशिवाय जमत नाही.

स्थानिक कॅमेरा ट्रॅपचे तुकडे माहितीपटाला जोडले तर लोक खुर्चीतून पुढे सरकतात, इतका फरक पडतो. पण दाखवण्याआधी चाळा. गुहा, घरटं, पाणवठा यांची जागा ओळखू येईल असं दृश्य काढा, तारीख-ठिकाणाची पट्टी कापा, आणि फाइलमधली जीपीएस नोंद पुसा. शिकारीही खेळाला येऊन बसू शकतो. कॅमेऱ्यात सापडलेली माणसं कधीच दाखवू नका.

खेळ संपल्यानंतर यंत्र काय मदत करतं?

आमच्या मते हाच भाग निर्णायक आहे, आणि खरेदी करताना नेमका याचाच विचार होत नाही. नुसतं बघून माणसं बदलतात, यावर फार भरवसा ठेवता येत नाही. समुद्रातल्या प्लास्टिकवर जगभर चर्चा घडवणाऱ्या ‘ब्लू प्लॅनेट २’ या मालिकेबाबत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाधारित अभ्यासात असं आढळलं की ती पाहणाऱ्यांचं ज्ञान वाढलं, पण प्लास्टिकची वस्तू घ्यायची की नाही या प्रत्यक्ष निवडीत फरक पडला नाही. मालिका कमी पडली असा याचा अर्थ नाही. बघणं आणि करणं यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं.

गुजरातच्या किनाऱ्यावरचं देवमाशाएवढ्या शार्कचं, म्हणजे व्हेल शार्कचं उदाहरण याची दुसरी बाजू दाखवतं. माईक पांडे यांच्या २००० सालच्या माहितीपटाने तिथली कत्तल जगापुढे आणली आणि २००१ मध्ये हा मासा भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. पण कायदा झाल्याने जाळं कापून मासा सोडायला कोळी तयार होत नाहीत. त्यासाठी २००४ पासून किनाऱ्यावर मोहीम चालली. त्या माशाएवढी मोठी फुगवलेली प्रतिकृती गावोगाव फिरली, पथनाट्यं झाली, रामकथाकार मोरारी बापूंनी त्याला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली, आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली. माहितीपटाने दिल्ली हलली. किनारा हलवायला माणसं, भाषा आणि भरपाई लागली.

या नजरेने मार्स ३ कडे पाहिलं तर त्याच्या दोन गोष्टी फार उपयोगी ठरतात. एक म्हणजे अंगचा एलईडी दिवा. खेळ संपताच काळोखात माणसं उठून जाऊ नयेत, एकमेकांचे चेहरे दिसावेत, एवढा उजेड तो देतो. खेळ चालू असताना तो बंदच ठेवा. दुसरी म्हणजे बॅटरी. जनरेटर नाही, म्हणजे थांबवलेल्या चित्रासमोर हळू आवाजातही बोलता येतं. ‘हे कुठलं झाड?’ असं म्हाताऱ्या बाईने विचारलेलं सगळ्यांना ऐकू जातं. जनरेटरवर चालणाऱ्या तीन हजार लुमेनच्या यंत्राला हे जमत नाही, आणि आम्ही त्याचा जास्त उजेड यासाठी सोडून देऊ.

चर्चेसाठी चित्र थांबवता येईल असे तीन-चार क्षण आधीच निवडा आणि त्यांची स्थिर चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. रिमोटने मागेपुढे करत क्षण शोधण्यात लोकांचा धीर सुटतो. माहितीपट २५ मिनिटांचा आणि चर्चा ४० मिनिटांची, हे प्रमाण उलट्यापेक्षा बरं. चर्चेला नुकसानभरपाईचा अर्ज कसा भरायचा, जखमी प्राणी दिसला तर कुणाला कळवायचं, हे नेमकं सांगणारा माणूस हजर असावा.

किडे, कासवं आणि विमान

उजेडावर किडे येतात, आणि लेन्ससमोर फिरणारा पतंग पडद्यावर घारीएवढा दिसतो. प्रोजेक्टरपासून आणि बैठकीपासून दूर, पडद्याच्या उलट दिशेला एक साधा पांढरा दिवा लावला तर बरेच किडे तिकडे वळतात. त्याचा उजेड पडद्यावर येत नाही एवढं बघा. पंख्याच्या जाळीत किडे अडकतात, प्रत्येक खेळानंतर मऊ ब्रशने झटका. आयपीएक्स३ म्हणजे वरून आणि तिरकस येणारे फवारे चालतील इतकंच. पावसाची सर आली तर गुंडाळा. त्या दर्ज्यातला ‘एक्स’ धुळीबद्दल काहीच हमी देत नाही, तेव्हा मातीच्या मैदानात जमिनीवर ठेवू नका.

कासवांच्या विणीच्या किनाऱ्यावर अंडी घालण्याच्या किंवा पिल्लं निघण्याच्या काळात खेळ नकोच. पांढऱ्या उजेडाने पिल्लं समुद्राऐवजी जमिनीकडे चालू लागतात. जंगलाच्या कडेला खेळ असेल तर स्पीकरचं आणि पडद्याचं तोंड वस्तीकडे ठेवा, आणि प्राण्यांच्या हाका मोठ्याने वाजवण्याचा मोह टाळा.

आता विमान. प्रवाशांना १०० वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी नेता येते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची प्रवासी सामानात चालत नाही. इथे बॅटरी १८५ ची आणि यंत्रात कायमची बसवलेली. दूरच्या बेटांवर किंवा देशाबाहेर काम करणाऱ्या गटांसाठी हा एकच मुद्दा पुरेसा आहे. त्यांनी बॅटरी नसलेला छोटा प्रोजेक्टर आणि मुक्कामी मिळणारी बॅटरी असा जोड घ्यावा, किंवा त्याच कंपनीचा ‘कॅप्सूल ३’ पाहावा. त्यात ५२ वॅट-तासांची बॅटरी आहे, अडीच तासांचा दावा आहे, पण उजेड २०० एएनएसआय लुमेन. त्याला १०० इंचांवर ७२ लक्सच पडतात. ६० इंचांचा पडदा धरला तर २०० लक्स मिळतात आणि वर्गातली वीस-पंचवीस मुलं व्यवस्थित बघू शकतात.

लागोपाठ दोन रात्री खेळ असतील तर चार्जिंगची तजवीज हवी. १०० वॅटचं सौर पॅनल चांगल्या उन्हात प्रत्यक्षात ६०-७० वॅट देतं, दिवसाला अडीचशे वॅट-तास धरा. मधल्या बॅटरी-संचातून एसी करून प्रोजेक्टर भरताना पंधरा टक्के वाया जातात, म्हणजे १८५ भरायला २२० लागतात. हिशेब बसतो, पण ढगाळ दिवशी नाही, म्हणून ३०० वॅट-तासांचा संच आधीच भरून न्या. यंत्र बंद गाडीत उन्हात ठेवू नका. लिथियम बॅटरी तापली की तिचं आयुष्य घटतं, आणि इथे ती सहज बदलता येत नाही.

कुणी घ्यावा? गाडीने फिरणारा, महिन्याला निदान दोन-तीन खेळ करणारा आणि साठ-सत्तरांच्या जमावासमोर बोलू शकणारा गट असेल तर जरूर. वर्षातून दोनदा पर्यावरण दिनाला दाखवणाऱ्या शाळेने भाड्याने आणावा. आणि खर्चाची मर्यादा असेल तर आधी चांगला स्पीकर, मग डबिंग, मग प्रोजेक्टर, हाच क्रम धरा. फिकट चित्र लोक चालवून घेतात, पण जे समजतच नाही त्यासाठी कुणी तासभर थांबत नाही.